विहीणबाईंचा कोरडा दिवस

आमच्या विहीणबाईंनी आयुष्यात जेवढं रक्त पाहिलं आहे तेवढं पानिपतावरसुद्धा सांडलं नसेल. फरक एवढाच, की पानिपतावरचं एकदम सांडलं आणि विहीणबाईंनी पाहिलं ते थेंबाथेंबाने, काचेच्या पट्टीवर पसरलेलं, सूक्ष्मदर्शकाला उजवा डोळा लावून, बत्तीस वर्षं. त्या गडचिरोलीकडे सरकारी हिवताप विभागात रक्ताचे नमुने तपासायला होत्या. जंगलातल्या गावांमधून तापकऱ्यांच्या बोटाला सुई टोचून घेतलेल्या काचा त्यांच्या टेबलावर यायच्या आणि विहीणबाई त्यांत मलेरियाचे जंतू शोधायच्या. या बत्तीस वर्षांची एक खूण त्यांच्या चेहऱ्यावर कायमची राहिली आहे. समोरच्याचं बोलणं पटलं नाही की त्या आपोआप डावा डोळा मिटतात आणि उजव्याने त्याला निरखतात. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांचा भलताच समज होतो. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी पहिल्या भेटीत चक्क लाजले होते आणि दुसऱ्या भेटीला अत्तर लावून आले होते.

माझा मुलगा आणि त्यांची मुलगी हिंजवडीला एकाच कंपनीच्या बसने जायचे. ती बस वाहतुकीत जेवढा वेळ उभी राहते तेवढ्यात ओळख, प्रेम, भांडण, समेट आणि साखरपुड्याची तारीख एवढं सगळं आरामात आटोपतं, आणि आटोपलंही. लग्नात रुखवत मांडलं गेलं तेव्हा लाडू, चिरोटे आणि लोकरीचा गणपती यांच्या मधोमध काचेची मोठी बरणी होती आणि तिच्यात बोटाच्या पेराएवढे शंभरेक मासे सुळसुळत होते. "गप्पी मासे आहेत," विहीणबाईंनी माझ्या बायकोला समजावलं, "पाण्याच्या टाक्यात सोडा, डासाच्या अळ्या खातात." मी आपला विनोद करायला गेलो, की पुण्यात गप्पींची आयात कशाला, इथे घरटी दोन सापडतील. त्यांनी डावा डोळा मिटला. "हे खातात, जी. तुमचे नुसते बोलतात." पुढे मंगलाष्टकं चालू असताना कार्यालयातल्या सगळ्या कूलरचं पाणी कोणीतरी ओतून दिलं आणि वऱ्हाड घामाने निथळलं. ते कोणी केलं असेल हे मी मुलीची आई जागेवर नाही असं पाहून ओळखलं. भटजी 'सावधान' म्हणत होते ते वधूवरांना, पण खरं सावध व्हायला हवं होतं ते आम्ही.

नोकरी संपल्यावर त्या मुलीकडे राहायला आल्या, म्हणजे आमच्याच सोसायटीत, आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर. आता माझं सांगतो. मी जन्माने सदाशिव पेठेतला, गेली तीस वर्षं कर्वेनगरात, सोसायटीचा सलग तिसऱ्यांदा अध्यक्ष आणि पुण्याच्या हवेचा बिनपगारी वकील. पुण्याची हवा हा आमच्याकडे चर्चेचा विषय नाही, श्रद्धेचा आहे. या हवेत लोणचं टिकतं, गाणाऱ्याचा आवाज टिकतो, आणि पेन्शनर तर इतके टिकतात की हयातीचा दाखला घेणारा कारकून दरवर्षी हताशपणे शिक्का मारतो. या हवेत मलेरिया होत नाही, तो मुंबईला, कोकणात आणि नकाशाच्या उजव्या अंगाला होतो, असं मी विहीणबाईंना पहिल्याच आठवड्यात बजावून ठेवलं.

"कोणती हवा, इवाईबुवा?" त्यांच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. मग त्या माझ्याशी न बोलता माझ्या बायकोकडे वळल्या आणि दही कसं लावता असं विचारू लागल्या. बायको म्हणाली, उन्हाळ्यात चार तासांत लागतं, थंडीत दुसऱ्या दिवशीची दुपार उजाडते. "बस, तसंच डासाच्या पोटात आहे," विहीणबाई म्हणाल्या. "आजारी माणसाचं रक्त प्याला अन् लगेच दुसऱ्याला ताप दिला, असं नसते. जंतू पोटात मुरावा लागते. रात्र थंड असली तर मुरतच नाही, तवर डासच म्हातारा होऊन मरते. तुमची ती हवा म्हणजे हेच होतं. आता तुम्ही चहूकडं सिमेंट ओतलं. ते दिवसा तापते अन् रात्रभर ऊब देऊन राहिलं. विरजण लवकर लागून राहिलं, जी."

आमच्या हवेची तुलना दह्याशी केलेली मी त्याआधी ऐकली नव्हती. मी निषेध म्हणून त्या दिवशी ताक प्यायलो नाही.

पण बाईंचा अभ्यास जबरदस्त. गॅलरीच्या गजाला त्यांनी एक तापमापक बांधला आहे आणि सकाळी सहाला पहिला चहा घ्यायच्या आधी त्या पारा वाचतात. पारा वर राहिला असेल तर चहा कडू लागतो म्हणतात. पावसाचे त्यांच्याकडे दोनच प्रकार. धो धो कोसळून गटारं वाहवणारा तो सज्जन, कारण त्यात अळ्या वाहून जातात. दोन दिवस पडून तीन दिवस ऊन देणारा तो बदमाश, कारण साचलेलं तसंच राहतं आणि दमट हवेत डासाचं आयुष्य वाढतं. अशी उघडीप पडली की सगळं पुणं सिंहगडावर भजी खायला जातं आणि विहीणबाई हातात आमटीचा डाव आणि पांढरी वाटी घेऊन गच्चीवर जातात. टाकीचं पाणी डावाने वाटीत घ्यायचं आणि उन्हात धरून बघायचं. पांढऱ्यावर अळी उठून दिसते. त्या डावाने पुन्हा आमटी वाढली जाते की नाही, हे मुलाला विचारायचं धाडस मला आजवर झालेलं नाही. मी एकदा भिंतीवरच्या डासाला टाळीत पकडणार, तर त्यांनी माझं मनगट हवेतच धरलं. "थांबा, बसू द्या त्याला नीट." मग चष्मा वर करून पाहिलं. भिंतीला समांतर बसला तर साधा. डोकं टेकवून बूड वर केलं तर मलेरियाचा. माझा निघाला साधा. "मारा आता," त्या म्हणाल्या, पण एवढी ओळख झाल्यावर मला मारवेना.

सोसायटीशी त्यांचं पहिलं युद्ध झालं ते दोन शब्दांवरून. त्यांच्या खात्यात आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी, टाक्या, कुंड्यांच्या ताटल्या रिकाम्या करून पुसून ठेवायची मोहीम असायची आणि तिला म्हणायचे कोरडा दिवस. आठ दिवसांत अळीचा डास होतो, मध्ये एकदा पाणी ओतलं की तिचं सगळं आयुष्य वाया. विहीणबाईंनी मोठ्या अक्षरांत कागद लिहून लिफ्टशेजारी चिकटवला: 'प्रत्येक शनिवारी प्रत्येक घराने कोरडा दिवस पाळावा. तपासणीस मी स्वतः घरी येईन.' आता पुण्यात, आणि तेही शनिवारी, कोरडा दिवस म्हटल्यावर माणसाच्या डोळ्यांपुढे कुंडीची ताटली येईल का? अर्ध्या तासात चौथ्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर माझ्या दारात उभे. आपण घरात काय घेतो, किती घेतो आणि कोणत्या वारी घेतो हा आपला आणि आपल्या डॉक्टरांचा प्रश्न आहे, असं त्यांनी मला तीन वेळा सांगितलं. संध्याकाळपर्यंत सेक्रेटरींनी शेजारी दुसरा कागद लावला: 'सभासद काय पितात याची चौकशी पाहुण्यांनी करू नये. पाहुण्यांनी मिळेल तो चहा प्यावा.' दुसऱ्या दिवशी त्याखाली लाल शाईत उत्तर होतं: 'पाणी. पाणी ओता म्हणून राहिले.' त्या शनिवारी सोसायटीतली एकही टाकी कोरडी झाली नाही. दोन-तीन बाटल्या मात्र निषेधार्थ झाल्या.

बाईंचा खरा डोळा होता तो माझ्या कारंज्यावर. फाटकातून आत आलं की डाव्या हाताला, वॉचमनच्या खोलीसमोर, मी अध्यक्ष झाल्या झाल्या बांधून घेतलेलं ते कारंजं. मधोमध सिमेंटचा हंस, त्याच्या चोचीतून पाणी उडणं अपेक्षित. पंधरा ऑगस्टला उडायचं. एरवी हंस स्थितप्रज्ञ आणि पाणीही. पण पाणी स्वच्छ, तळ दिसेल असं. मी तेच अभिमानाने दाखवलं तर विहीणबाई म्हणाल्या, घाणीतला डास वेगळा, मलेरियाच्या डासाला स्वच्छच पाणी लागतं. "तुमच्यासारखाच आहे, सोवळा." डावाने वाटीभर पाणी काढून त्यांनी मला पाण्याच्या पृष्ठभागाला आडव्या चिकटलेल्या सहा-सात बारीक काड्या दाखवल्या. मी म्हणालो, कचरा आहे. कचरा वळवळला. मी म्हणालो, हलका कचरा आहे.

ऑगस्टमध्ये बदमाश पाऊस आला. दोन दिवस सर, तीन दिवस ऊन, रात्री गोधडी पायाशी. त्याच पंधरवड्यात आमच्या वॉचमनच्या, भोयरच्या बायकोला ताप आला. सुनंदा तिचं नाव, आठवा महिना लागलेला, माहेर भंडाऱ्याकडचं. एक दिवस थंडीने दात वाजायचे, मग अंग फणफणायचं, मग घामाने लुगडं भिजायचं आणि दुसऱ्या दिवशी ती काही झालंच नाही अशी फाटकाशी रांगोळी काढायची. सगळ्यांना आधी डेंगू आठवला, तो नव्हता. विहीणबाईंनी फक्त वार विचारले. सोमवार, बुधवार. शुक्रवारी दुपारी थंडी वाजत असतानाच तिला रिक्षात घालून महापालिकेच्या दवाखान्यात नेलं, बोटाला सुई टोचून घेतली आणि निकाल हातात घेऊनच परतल्या. मलेरिया. पोटातल्या जिवाला चालेल असं औषध त्याच दिवशी सुरू झालं.

झालं, सोसायटीत मलेरिया शब्द फुटला. हा ताप कुठून आला याचं उत्तर सेक्रेटरींकडे तयार होतं: तिकडून आला. ही माणसं तिकडची, ताप तिकडचा, गाडीत बसवून परत पाठवावा. रविवारी दुपारची बस ठरवूनसुद्धा टाकली. आठव्या महिन्याची बाई, अंगात ताप, वर खड्ड्यांतून रात्रभराचा प्रवास.  भोयरने एक पत्र्याची पेटी भरायला घेतली. मी अध्यक्ष म्हणून काय केलं? मी म्हणालो, सभा घेऊ. पुण्यात कोणत्याही गोष्टीला नाही म्हणायचं धैर्य नसलं की सभा घेतात.

विहीणबाई खाली आल्या. मला वाटलं, भांडतील. त्या शांतपणे म्हणाल्या, "सभा रविवारी ठेवा, अकराला. साडेदहा नको, बारा नको." बसच्या आधी व्हावी म्हणत असतील असं धरून मी तीच वेळ लावली.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी, जी मी बायकोलाही सांगितली नव्हती. त्या बुधवारी अकराच्या सुमाराला मलाही थंडी वाजली होती. साधी नव्हे. आमचा पलंग सागवानी, चार माणसांना हलत नाही, तो मी पडल्या पडल्या खिडकीपासून कपाटापर्यंत नेला. दोन रजया, एक सतरंजी आणि वर गादी घेऊनही हुडहुडी जाईना. मग ताप, मग घाम. गुरुवारी ठणठणीत. शुक्रवारी पुन्हा अकरा, पुन्हा पलंग कपाटाशी. शनिवारी ठणठणीत. मी स्वतःला सांगितलं, बाधलेलं काहीतरी असेल. रोज संध्याकाळी हंसाशेजारी खुर्ची टाकून बसणारा मी एकटाच होतो, हेही मला माहीत होतं. पण ज्या माणसाने तीस वर्षं पुण्याच्या हवेची वकिली केली त्याने स्वतःच्या रक्ताला साक्षीदार म्हणून कसं उभं करायचं?

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. फाटकाशी पेटी, पेटीवर सुनंदा, शेजारी भोयर. सेक्रेटरींनी भाषण केलं. कोणाविषयी आकस नाही, पण बाहेरून येणाऱ्यांनी रोग आणावेत आणि आपल्या लेकराबाळांनी भोगावेत हे कितपत योग्य, असं बरंच काही. लोकांनी माना हलवल्या. विहीणबाई मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि उठल्या.

"ही पोरगी माहेरून येऊन दीड वर्ष झालं. जुना ताप अंगात लपून बसते अन् पुन्हा उठते, हेही खरं आहे. मी खोटं बोलणार नाही. म्हणून हिच्या एकटीवरून ठरवू नका." त्यांनी सगळ्यांवरून उजवा डोळा फिरवला. "मी एवढंच विचारते. इथं असं कोणी आहे का, जे पुण्याबाहेर गेलं नाही, अन् ज्याला एक दिवसाआड थंडी वाजून राहिली?"

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. पाहिलं असतं तर मला राग तरी आला असता. पण अकरा वाजून गेले होते आणि आमच्याकडे एवढी वेळ पाळणारं दुसरं काहीच नाही. आधी बोटं गार पडली. मग माझी खुर्ची वाजायला लागली. शेजारची रिकामी खुर्ची वाजायला लागली. सेक्रेटरींनी मोठ्या मनाने मला सुटकेची वाट करून दिली. "अध्यक्षांना गारठा बाधलाय, पंखा बंद करा. साहेब, तुम्ही घरी जाऊन पडा, आम्ही ठराव करून घेतो."

उठलो असतो तर ठराव झाला असता. फाटकाशी सुनंदा पेटीवरून उठायच्या प्रयत्नात होती, एक हात पोटाखाली, एक भिंतीला. मी खुर्ची घट्ट धरली.

"मला बुधवारपासून ताप आहे," मी म्हणालो. दात वाजत असल्यामुळे ते मला चार वेळा म्हणावं लागलं. "आणि मी गेल्या दोन वर्षांत खडकवासल्याच्या पुढे गेलेलो नाही."

"मग हा ताप कुठला, इवाईबुवा?"

"पुण्याचा," मी म्हणालो. "अस्सल. ह्या कारंज्यात जन्मलेला."

 सेक्रेटरी म्हणाले, मग हे पाहुणीबाईंना आधीच माहीत होतं तर. विहीणबाई म्हणाल्या, "हो ना जी. डोक्यावर राहते मी त्यांच्या. पलंग फिरला तर मला ऐकू येत नाही का?" मग मला रजई पांघरता पांघरता सगळ्यांना ऐकवलं, "तापाला गाव विचारून राहिले. तापाला गाव नसते. त्याला ऊब लागते, ओल लागते अन् साचलेलं पाणी लागते. ते तिन्ही तुम्ही देऊन राहिले. ही पोरगी कुठंबी जाणार नाही. कोणाला जायचं असेल तर हंसाला पाठवा."

ठराव मांडायला कोणी उठलं नाही. चौथ्या मजल्यावरच्या बँक मॅनेजरांनी आपणहून बादली आणली. भोयरने पेटी उचलून आत नेली.

दवाखान्यात मला घेऊन विहीणबाईच गेल्या. तिथल्या तरुण तंत्रज्ञ मुलीने माझी काच भिंगाखाली लावली आणि ह्या कोण ते कळल्यावर स्टूल सोडून उभी राहिली. विहीणबाईंनी डावा डोळा मिटला. बराच वेळ पाहत होत्या. "आहेत, भरपूर आहेत," त्या म्हणाल्या, आणि मग मान वर न करता, "इतक्या काचा पाहिल्या, पण काचेवाला बाजूला बसलेला पहिल्यांदाच पाहून राहिले." तिकडे म्हणे पावसात रस्ते बंद व्हायचे, काच टेबलावर यायला कधी कधी पंधरा दिवस लागायचे. जंतू सापडला की नोंदवहीत त्या काचेच्या क्रमांकापुढे खूण करायच्या. माणूस तोवर आहे की नाही, ते त्या खणात लिहायला जागा नसायची. एवढं सांगून त्यांनी माझी काच बाजूला ठेवली आणि मला औषध वेळेवर न घेतल्यास काय काय होतं ते इतकं रंगवून सांगितलं की मी पहिली गोळी पाण्याशिवाय गिळली.

सुनंदाला सप्टेंबरअखेर मुलगी झाली. थोडी अशक्त, पण आवाज असा की सेक्रेटरींनी त्याविरुद्ध कागद लावायचं मनात आणलं होतं. कारंजं बुजवलं. शनिवार अजून सगळे पाळत नाहीत. विहीणबाई पाळायला लावतात, दारं ठोठावतात, ताटल्या उपड्या करतात, शिव्या खातात आणि पुढच्या शनिवारी पुन्हा जातात.

माझ्या बायकोने सुनंदाच्या पोरीसाठी स्वेटर विणायला घेतला. लिंबाच्या रंगाचा, पुढे तीन बटणं. विहीणबाईंनी एकदा लोकर हातात घेऊन पाहिली आणि परत ठेवली. नोव्हेंबरात स्वेटर तयार झाला. आमच्याकडे दिवाळीनंतर थंडी पडते, हे बायकोचं म्हणणं, आणि तिचं म्हणणं खरं व्हावं म्हणून मी आपला रोज पहाटे खिडकी उघडून उभा राहत होतो. डिसेंबरात दोन पहाटा जरा बऱ्या निघाल्या. भोयर लगबगीने पोरीला घेऊन वर आला, पण स्वेटर घालेपर्यंत ऊन आलं आणि पोरगी घामेजून रडायला लागली. विहीणबाईंनी तो काढला, घडी घातली आणि गॅलरीत जाऊन पारा पाहून आल्या. किती आहे ते मी विचारलं नाही.  परवा बायकोने तो पुन्हा अंगाला लावून पाहिला. पोरगी त्यातून वाढून गेली आहे.